पहिल्या दहा गोळ्या

लळिंगच्या पायथ्याला उजाडायच्या आत पोचावं लागतं.
नऊनंतर इथली हवा तव्यावरून उठते
आणि निशाण पाण्यात पडल्यासारखं हलतं.

नवी नळी. कारखान्याचं ग्रीस अजून अंगावर.
'पुसल्याबिगर पहिली गोळी घालायची नाही,'
हे तडवी हवालदारांचं.
ते आता यावलकडे असतात, भावाच्या केळीत.
उजवा कान नोकरीत गेला,
डाव्यानं हवं तेवढंच ऐकतात.

सरकारी फ्लॅनेल संपलंय, मागणीपत्र पुण्यात कुठंतरी पडलंय.
म्हणून मी अण्णांचं धोतर फाडून आणलंय,
गिरणी चालू होती तेव्हाचं,
धुवून धुवून सायीसारखं झालेलं.
दोन बोटं रुंद, दोन बोटं लांब.

रॉड मागून घालायचा, चेंबरकडून,
गोळी जाणार त्याच वाटेनं.
चिंदी तोंडातून बाहेर आली की काढून टाकायची.
तीच परत मागं ओढायची नाही,
गेलेली घाण पुन्हा घरात आणायची नाही.
हे मी नळीबद्दल शिकले.
बाकी ठिकाणी वापरायला जरा उशीर झाला.

एक गोळी.
पूस.
काळी चिंदी, काळी, करडी,
मग औषधाची, नाकात अमोनिया चढवणारी.
थांब.
मग निळी.

गोळीचं तांबं नळीच्या आत राहतं,
हत्याराच्या बारीक ओरखड्यांत,
जे डोळ्याला दिसत नाहीत आणि नखाला लागत नाहीत.
दर गोळी थोडं घासते, थोडं ठेवून जाते.
मी ठेवलेलं काढते.

भिरूड चटईवर पालथा.
मार्चमध्ये त्याची स्पर्धा, नळी त्याच्यासाठी आलेली.
एक मारतो
आणि दहा मिनिटं माझ्या कोपराकडं बघत बसतो.
'मॅडम, साहेब म्हणत होते हे सगळं थोतांड आहे.
नळी पहिल्या दिवशी असते तशीच शेवटपर्यंत.'
असेल.
तडवींनाही मी एकदा हेच विचारलं होतं.
म्हणाले, नळीचं मला माहीत नाही,
हात तयार होतो.

चौथी. पाचवी. निळं फिकं होतंय,
वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यातल्या निळीइतकं.
सहावी, सातवी.
आठवीला पूर्वेकडून ऊन थेट बोल्टवर आलं.
दहावी झाली तेव्हा नऊ वाजत आले होते.

पुंगळ्या मोजल्या. नऊ.
पुन्हा मोजल्या.
भिरूडनं चटई उचलली, झटकली,
आम्ही दोघं कुसळांत गुडघ्यांवर,
एका पितळी तुकड्यासाठी, ज्याची किंमत काहीच नाही
आणि जो नसला तर माझी चौकशी लागते.

मागच्या बांधावरून शिट्टी आली.
लांब, बारीक, जरा फाटकी.
आठ-नऊ वर्षांची पोर, हातात बाभळीची काठी,
पुंगळी खालच्या ओठाला लावलेली,
आणि तिच्या वीस-बावीस शेळ्या
लाल झेंड्याला न जुमानता रेंजवर उतरत होत्या.

'दे ती.'
'हाई मनी पुंगी शे. माले सापडनी.'
'सरकारची आहे.'
तिनं सरकार कुठं आहे म्हणून आजूबाजूला पाहिलं.
भिरूड हसला, मी हसले नाही, खाकीत होते.
डब्यातली कळण्याची अर्धी भाकरी आणि ठेचा, यावर सौदा तुटला.
देण्याआधी तिनं एकदा शेवटची वाजवली.
शेळ्या आमच्याभोवती गोळा.

रजिस्टर:
दिल्या दहा. झाडल्या दहा. पुंगळ्या जमा दहा.
दहावीवर ओठाचा ओलावा होता,
तो धोतराच्या चिंदीनं पुसला.

संध्याकाळी यावलला फोन लावला.
नळी कशी आहे, गट किती आला, काही विचारलं नाही.
'शेवटची चिंदी पांढरी आली का?'
म्हटलं, जवळजवळ.
बराच वेळ काही नाही. केळीच्या पानांचा आवाज.
मला वाटलं, फोन उजव्या कानाला धरलाय.
मग म्हणाले,
'मंग आजून एक घाल.'